खिडकीबाहेर तीनशे कोटी वर्षं

मुंबईहून बंगळूरला रेल्वेनं जाताना सोलापूर मागे पडलं, की बहुतेक प्रवासी पुस्तकात डोकं घालतात, नाहीतर चक्क ताणून देतात. बाहेर बघण्यासारखं आहे तरी काय? उघडंबोडकं माळरान, मधूनच एखादी बाभूळ! पण याच टप्प्यात खिडकीबाहेर जे घडत असतं, ते एखाद्या किल्ल्यापेक्षा किंवा धबधब्यापेक्षा कमी नवलाचं नाही.

सोलापूरपर्यंतची जमीन आपल्या ओळखीची. काळी माती, तिच्याखाली काळा कातळ. गुलबर्गा, म्हणजे आजचं कलबुर्गी, ओलांडलं की शहाबाद येतं आणि हा काळा कातळ संपतो. रुळांच्या कडेला फरशांच्या थप्प्या दिसू लागतात. आपल्या आजोळच्या ओसरीवर, शाळेच्या वर्गात, डब्यांच्या फळीखाली असलेली शहाबादी फरशी ती हीच. पुढे वाडी जंक्शन जातं आणि यादगीरच्या सुमारास एकाएकी देखावा पालटतो. शेतांच्या मधोमध गुलबट-करड्या दगडांच्या राशी उभ्या राहतात. कुणी राक्षसानं गोट्या खेळून त्या तशाच टाकून दिल्या असाव्यात, असं वाटतं! कृष्णेचा पूल ओलांडून रायचूर आलं, की मग हेच दगड सोबतीला.

या दोन-अडीच तासांत आपण एक भलामोठा जिना उतरलेलो असतो. काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. शहाबादी फरशी त्याहून कितीतरी जुन्या समुद्राच्या तळाची. आणि शेवटची पायरी म्हणजे दक्षिण भारताचा पाया. भूशास्त्रज्ञ त्याला धारवाडचं ढालक्षेत्र म्हणतात.

ढाल कशाला म्हणतात?

पृथ्वीच्या कवचाचे जे भाग अतिप्राचीन काळी घट्ट झाले आणि नंतरच्या उलथापालथीत फारसे मोडले नाहीत, त्यांना ढालक्षेत्र म्हणतात. मधे किंचित फुगीर, कडांना उतरती, जमिनीवर पालथी घातलेल्या ढालीसारखी त्यांची ठेवण असते. कॅनडात, ऑस्ट्रेलियात, आफ्रिकेत अशी क्षेत्रं आहेत. आपल्याकडचं धारवाड ढालक्षेत्र मुख्यतः कर्नाटकात असून त्याचा बराच भाग आंध्र आणि तेलंगणात पसरलेला आहे.

वयाचे आकडे ऐकून आपण नुसतं ‘अबब’ म्हणतो आणि विसरून जातो. म्हणून एक सोपा हिशेब करू. पृथ्वीचं सुमारे ४५४ कोटी वर्षांचं आयुष्य एका वर्षात बसवलं, तर या ढालीतले जुने खडक एप्रिलच्या पूर्वार्धात तयार झाले. जूनच्या मध्यापर्यंत ढाल जवळजवळ पुरी झाली. सह्याद्री घडवणारा लाव्हा वाहिला तो २६ डिसेंबरच्या आसपास. माणूस आला ३१ डिसेंबरच्या रात्री, बारा वाजायला अर्धा-पाऊण तास उरला असताना!

लालबागेतला म्हातारा

हे जुने खडक पाहायला रानोमाळ हिंडायची गरज नाही. बंगळूरच्या लालबागेत फुलं पाहायला गेलात, तर एक उघडा, उतरता खडक दिसेल. वर केंपेगौडाचा छोटा बुरूज आहे. संध्याकाळी मुलं त्यावरून घसरगुंडी खेळतात, जोडपी सूर्यास्त पाहतात. या खडकाचं वय सुमारे तीनशे कोटी वर्षं! भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेनं त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवून तशी पाटीही लावली आहे.

जवळ वाकून पाहिलं, तर खडकात पांढरट आणि काळपट पट्टे लहरत गेलेले दिसतात. पुरणपोळीची कणीक तिंबताना रंगाचा ठिपका ओढला जावा, तसे. ग्रॅनाइटसारखा खडक खोल जमिनीत पुन्हा तापला, दाबला गेला, अर्धवट वितळला, की असा पट्टेदार खडक बनतो. त्याला मराठीत पट्टिताश्म आणि इंग्रजीवरून नाइस असं नाव आहे. म्हैसूर संस्थानच्या भूशास्त्र खात्यातले डॉ. स्मीथ यांनी १९१६ साली दक्षिणेतल्या या खडकाला ‘पेनिन्सुलर नाइस’ हे नाव दिलं.

दोन तुकड्यांची सोयरीक

ही ढाल एका दमात घडलेली नाही. पश्चिमेचा तुकडा थोरला. त्यातले खडक ३०० ते ३४० कोटी वर्षांचे. पूर्वेचा तुकडा धाकटा. त्यातला मोठा भाग २७० ते २५० कोटी वर्षांपूर्वी घडला. या दोघांची सोयरीक झाली ती सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी. तुकडे एकमेकांना भिडले, मधले समुद्र आटले, त्यांचे तळ चुरडून, दुमडून उभे राहिले. चित्रदुर्गाच्या परिसरातून उत्तर-दक्षिण जाणारा एक मोडका पट्टा ही त्या सांध्याची खूण मानली जाते.

चित्रदुर्गाजवळ मरडिहळ्ळी नावाचं गाव आहे. तिथल्या खडकात एकमेकांवर रचलेल्या उशा-गिरद्यांसारखे आकार दिसतात. लाव्हा पाण्याखाली बाहेर पडला, की त्याचं बाहेरचं अंग चटकन थिजतं आणि आत ऊन लाव्हा राहून असा फुगा तयार होतो. म्हणजे जिथे आज ज्वारी आणि भुईमूग पिकतो, तिथे एके काळी समुद्र होता! हेही राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे.

याच समुद्रांच्या पाण्यात लोह विरघळलेलं होतं. सूक्ष्म जीवांनी प्राणवायू सोडायला सुरुवात केली, तसं ते गंजून थराथरानं तळाशी बसलं. संडूर आणि कुद्रेमुख इथलं लोहखनिज त्यातूनच आलं. गोव्यातल्या खाणींचं लोहखनिजही याच कुळातल्या खडकांत सापडतं. कुद्रेमुखची खाण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं २००५ साल संपताना बंद झाली.

गब्बरचा डोंगर आणि क्लोजसाहेब

सोयरीक झाली त्याच सुमारास खालून वितळलेला खडक वर चढला आणि सावकाश थिजला. सुमारे ४०० किलोमीटर लांब आणि २०-२५ किलोमीटर रुंद असा ग्रॅनाइटचा हा पट्टा उत्तर-दक्षिण पसरला आहे. शास्त्रीय ग्रंथांत त्याचं नाव ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’. पण तुम्ही तो पाहिलेला आहे! १९७५ सालच्या ‘शोले’मध्ये गब्बरसिंग ज्या खडकांवर येरझारा घालतो, ते रामनगरचे डोंगर याच ग्रॅनाइटचे. क्लोजपेट हे रामनगरचं इंग्रजी अमदानीतलं नाव. ते ज्यांच्यावरून पडलं ते बॅरी क्लोज आधी म्हैसूर दरबारी रेसिडेंट होते आणि पुढे पुण्याला आले. १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाशी वसईचा तह केला तो यांनीच. मराठी राज्याच्या अखेरीशी जोडलेला माणूस अडीचशे कोटी वर्षांच्या खडकाला नाव देऊन गेला!

उत्तरेला हंपीत हाच ग्रॅनाइट वेगळं रूप दाखवतो. तिथे दगडावर दगड असे रचलेले दिसतात, की आता घरंगळेल की मग, असं वाटावं. ही करामत भूकंपाची नाही. ग्रॅनाइटला उभ्या-आडव्या भेगा असतात. पाणी त्यांतून शिरतं आणि जमिनीखालीच खडकाच्या कडा-कोपरे कुजवून त्यांची माती करतं. मधला गाभा गोल उरतो. पुढे माती वाहून गेली, की नुसते गोल धोंडे एकावर एक राहतात. विजयनगरच्या पाथरवटांना या भेगा नेमक्या ठाऊक होत्या. पाचरी ठोकण्यासाठी त्यांनी पाडलेल्या खाचांच्या ओळी आजही धोंड्यांवर दिसतात. कृष्णदेवरायाच्या काळातला, १५२८ सालचा लक्ष्मीनृसिंह तर एकाच धोंड्यातून घडवलेला आहे.

आपल्या दृष्टीनं सर्वांत जिव्हाळ्याची टेकडी मात्र श्रवणबेळगोळची. तिथल्या ग्रॅनाइटच्या माथ्यावर दहाव्या शतकाच्या अखेरीस गोमटेश्वराची सुमारे ५७ फुटी मूर्ती कोरली गेली. तिच्या पायाशी चावुंडरायानं ती करवून घेतल्याचं सांगणारी ओळ आहे, आणि ती मराठीत आहे! मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत तिची गणना होते. हजार वर्षं ऊनपाऊस खाऊनही ती वाचता येते, याचं श्रेय लिहिणाऱ्याइतकंच दगडालाही द्यायला हवं. आपल्या त्या वर्षाच्या हिशेबात ही हजार वर्षं म्हणजे अवघे सात सेकंद.

सोनं संपलं, माणसं राहिली

तुकडे भिडले तेव्हा पडलेल्या भेगांतून खोलवरचं तप्त पाणी वर आलं. येताना त्यानं गारगोटीच्या शिरा भरल्या आणि त्यांत सोनं सोडलं. कोलारच्या खाणी याच शिरांवर होत्या. १८८० साली जॉन टेलर आणि सन्स या कंपनीनं तिथे काम सुरू केलं. शिवनसमुद्रच्या धबधब्यावर तयार झालेली वीज १९०२ साली इथे आली, तेव्हा देशातल्या बहुतेक शहरांनी विजेचा दिवा पाहिला नव्हता. खाण तीन किलोमीटरहूनही खोल गेली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह १९६५ साली याच खाणीच्या पोटात, वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनो कणांचा माग काढला.

आठशे टनांहून अधिक सोनं देऊन २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली. सोनं पार संपलं नव्हतं. ते काढण्याचा खर्च परवडेनासा झाला होता. ज्यांचे आजे-पणजे खाणीत उतरले, त्या घरांतली माणसं आता पहाटेची गाडी पकडून शंभरेक किलोमीटरवरच्या बंगळूरला कामाला जातात आणि रात्री परततात. वसाहतीलगत खाणीतून निघालेल्या चुऱ्याच्या टेकड्या उभ्या आहेत. सोनं वेगळं करताना सायनाइड वापरलं जाई, म्हणून लोक त्यांना सायनाइडच्या टेकड्याच म्हणतात. वारा सुटला, की त्यांची धूळ घराघरांत शिरते. सोनं कोणाकोणाच्या अंगावर गेलं कोण जाणे, धूळ मात्र इथेच राहिली.

आणि पाणी? अखंड ग्रॅनाइट पाणी धरत नाही. पाणी असतं ते वरच्या कुजक्या थरात आणि भेगांत. म्हणून तर जुन्या लोकांनी या मुलखात जागोजाग तळी बांधली. तळी गाळानं भरली, विंधनविहिरी आल्या आणि कोलार भागात त्या हजार फुटांखाली गेल्या. २०१८ पासून बंगळूरचं सांडपाणी शुद्ध करून कोलारच्या तळ्यांत सोडलं जातं. राजधानीला सोनं पाठवणाऱ्या जिल्ह्याला आता राजधानीचं वापरलेलं पाणी मिळतं!

ढाल आपल्या पायाखालीही

‘हे सगळं कर्नाटकातलं, आपल्याला काय त्याचं?’ असं कुणी म्हणेल. तर ऐका. हे प्राचीन खडक कलबुर्गीपाशी संपत नाहीत. ते आपल्या काळ्या कातळाखाली शिरतात. ढालक्षेत्र म्हणजे निर्धास्त जमीन, तिथे मोठा भूकंप व्हायचा नाही, असा पूर्वी समज होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीनं तो समज पुसला; सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर शास्त्रज्ञांनी तिथे खोल विंधन घेतलं. ३३८ मीटर काळा कातळ, त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग लागला तो जुना नाइस. कोयनेच्या परिसरातल्या विंधनांतही कातळाखाली ग्रॅनाइट आणि नाइसच सापडले. म्हातारा निजला आहे. पण त्याच्या जुन्या भेगा अजून मधूनच कुरकुरतात, हे ध्यानात ठेवून घरं बांधायला हवीत.

आणि स्वयंपाकघरातही ढाल आहेच. पूर्वीच्या ओट्याचा काळा कडप्पा हा या ढालीच्या खोलगट भागात साचलेल्या समुद्रातला चुनखडक. आता त्याजागी चकचकीत ग्रॅनाइट आला. त्यातला पुष्कळसा याच मुलखातल्या टेकड्या कापून येतो. बंगळूरभोवतीच्या कितीतरी टेकड्यांच्या जागी आज पाण्यानं भरलेले खड्डे आहेत. झाड तोडलं तर पुन्हा लावता येतं. टेकडी पुन्हा लावता येत नाही.

जायचं असेल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात हे दगड तव्यासारखे तापतात. हंपीसाठी होस्पेटला उतरावं; तिथून हंपी बारा-तेरा किलोमीटरवर आहे. हंपी, चित्रदुर्ग, श्रवणबेळगोळ, रामनगर आणि लालबाग असा आठवड्याचा बेत आखता येईल. श्रवणबेळगोळची टेकडी अनवाणी चढावी लागते, तेव्हा सकाळी लवकर निघा. मुलांना बरोबर न्या, एक साधं भिंग द्या आणि दगडातले चमकते कण मोजायला सांगा. हातोडी मात्र घरीच ठेवा. आणि जाताना सोलापूरनंतर झोपू नका. खिडकीची जागा मिळाली असेल, तर ती मुलांना द्या.