वाडीतलं वायफाय

खोली दाखवायला नेलं की पूर्वी पाहुणे आधी नळ सोडून बघायचे, मग गादी चाचपायचे. आता सामान खाली ठेवायच्या आतच विचारतात, ‘काका, पासवर्ड?’ शनिवार-रविवारी आमच्या अलिबागकडे नागाव, किहीम, काशीद सगळीकडे मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात आणि तितकेच फोन इथल्या टॉवरवर लोंबकळतात. दांड्या चारही भरलेल्या, पण व्हॉट्सॅपवरचा फोटो काही उघडत नाही. मग सगळ्यांची भिस्त घरच्या फायबरवर. फायबरच्या तोंडाशी आमचा जुना राऊटर: दोन अँटेना, फक्त 2.4 गिगाहर्ट्झ, बुडाखालचं लेबल खाऱ्या हवेनं पुसलेलं. बदलायचा हे ठरलंय. त्या निमित्ताने ही टिपणं.

*

दुकानात जाण्याआधी लॅपटॉप घेऊन वेग मोजावा. आधी वायरीने थेट कंपनीच्या डब्याला (इथे त्याला सगळे मोडेमच म्हणतात), मग वायरीने राऊटरला, मग वायर काढून तिथेच वायफायवर, आणि शेवटी मागच्या खोलीत. आकडे कागदावर लिहिले की भांडण नक्की कुणाशी आहे ते कळतं. प्लॅन 200 एमबीपीएसचा, मोडेमला 200 मिळतात आणि राऊटरच्या वायरीतून 94 च्या वर काही जात नाही, तर राऊटरचं पोर्ट जुन्या 100 च्या मापाचं आहे. पाच हॉर्सपॉवरच्या पंपाला अर्धा इंची पाईप लावल्यागत. अशा वेळी राऊटर जरूर बदला. पण ओटीवर 40 आणि मागच्या खोलीत 3 अशी तऱ्हा असेल, तर महागातला राऊटर आणून ओटीवरचे 40 वाढतील, मागचे 3 जेमतेम हलतील. बहुतेक घरांत दुखणं हे दुसरं असतं आणि औषध पहिल्याचं आणलं जातं.

*

राऊटरची जागा कोण ठरवतं? केबलवाल्या मुलाला शिडी लावायला जी खिडकी सोयीची पडली, ती खिडकी. तिथून वायर आत आली, जवळचा प्लग सापडला, झालं. मग टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाच्या आडोशाला, जमिनीपासून वीतभर उंचीवर तो वर्षानुवर्षं बसून राहतो.

जुन्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या, दीड-दोन फूट जाड. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी अशी एकामागे एक. 2.4 गिगाहर्ट्झची लाट साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीची, 5 गिगाहर्ट्झची तिच्या निम्म्याने. आखूड लाटेवर माल जास्त जातो, पण भिंत लागली की तिचा दम लवकर संपतो. म्हणून ‘ड्युअल बँड’ राऊटर आणल्यावर ओटीवर वेग चौपट होतो आणि स्वयंपाकघरात काकी म्हणतात, ‘आम्हाला काय फरक पडला?’ दुकानदाराने फसवलेलं नसतं. भिंत तीच असते.

*

3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुडकडे तर कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. त्यानंतर कौलं गेलेल्या बऱ्याच घरांवर पत्रे चढले. स्वस्त, झटपट, माकडांचा त्रास नाही. वायफायच्या दृष्टीने मात्र घराचं गणितच बदललं. माळ्यावर ठेवलेल्या राऊटरची रेंज कौलांतून थोडीफार बाहेर झिरपायची, अंगणात, विहिरीपर्यंत मिळायची. पत्र्यावर ती लाट आपटून परत खाली येते. माळ्यावर सुसाट, अंगणात शून्य. पत्रे घातलेल्या घरात राऊटर माळ्यावर नेऊ नये. ओटीच्या उघड्या बाजूला, डोक्याच्या उंचीवर बरा.

*

मे महिन्यात मोजलेला वेग जुलैत धरू नये. घर आणि मागच्या खोल्या यांच्यामध्ये पोफळी, जायफळ, केळी. पाणी ही लाट शोषून घेतं आणि पावसाळ्यातलं पान म्हणजे पाणीच. उन्हाळ्यात वाडीतून रडतखडत पोचणारं वायफाय मृग लागला की सुट्टीवर जातं. केळीचा दाट बाग मध्ये असेल तर रिपीटरवर पैसे घालू नयेत. रिपीटर आधी ऐकतो, मग तेच पुन्हा बोलतो, तेही बहुधा त्याच लहरीवर, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. आणि पानांमुळे आधी नीट ऐकूच आलेलं नसतं.

*

लहरींच्या गर्दीकडे वळण्याआधी एक आडवळण. अलिबागची चुंबकीय वेधशाळा इथे आली तीच मुळी गर्दी टाळायला. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. 1859 चं प्रसिद्ध सौरवादळसुद्धा तिथल्या कागदांवर उमटलेलं आहे. पुढे मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर नेण्याचं घाटू लागलं. रुळांतून वाहणाऱ्या प्रवाहाने सुया थरथरणार, नोंदी बिघडणार. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे अलिबाग निवडलं आणि 1904 मध्ये इथलं काम सुरू झालं. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांची साखळी तुटू नये. 1907 मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. अलिबागची इमारत अशी की चुंबकाला खेचणारं लोखंड तिथे नको, दगडसुद्धा पारखून घेतलेला. आता ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, जिचं मुख्यालयही आपल्याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला.

वायफायचा आणि त्या सुयांचा तसा संबंध नाही. मला आवडते ती मूस यांची शिस्त: यंत्र बदलण्याआधी जागा बदलली, आणि जुनं बंद करण्याआधी नवं त्याच्या शेजारी चालवून पाहिलं.

*

2.4 वर तेरा चॅनेल दिसतात, पण एकमेकांच्या अंगावर न येणारी तीनच: 1, 6, 11. शेजारच्या बंगल्याचा राऊटर, त्यांचे कॅमेरे, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे याच पट्ट्यात. फोनवरच्या फुकट ऍपने कोण कुठे बसलंय ते पाच मिनिटांत दिसतं. 3 किंवा 9 निवडून ‘मधली मोकळी जागा’ साधू नये. दोन्ही बाजूंचा त्रास ओढवून घेतला जातो.

*

आता मुख्य खर्च: वायर. मागच्या खोल्यांपर्यंत वायर ओढली आणि तिथे दुसरा डबा लावला, तर अर्धं काम संपतं. हे कुणाला आवडत नाही. वायर दिसते, खणावं लागतं, पाईप लागतो. ‘वायरलेस घेतलं ते वायर ओढायला का?’ हा प्रश्न घरात ठरलेला.

वायर घेताना नेलकटर किंवा ब्लेड बरोबर न्यावं. केबलचं टोक सोलून आतली एक तार ब्लेडने हलकेच खरवडायची. आतपर्यंत लाल, तर तांबं. वरून लाल आणि खरवडल्यावर आत चंदेरी, तर तांब्याचा मुलामा दिलेलं ऍल्युमिनियम. दुकानदार त्याला ‘सीसीए’ म्हणतो, किंवा काहीच म्हणत नाही. डबा सारखाच, वर ‘कॅट-सिक्स’ही छापलेलं, भाव निम्म्याच्या आसपास. घरात चार हातांसाठी चालूनही जाईल. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर ती तार टोकाशी पांढरी पडते, वाकवली की तुटते, आणि दोष कुठे आहे ते शोधण्यात दिवस जातात. शिवाय राखाडी रंगाची वायर घरातली. उन्हात तिचं कव्हर तडकतं. बाहेर काळीच हवी, तीही पाईपात. नाहीतर खारी आहेतच.

मर्यादा 100 मीटरची. नागावातली वाडी लांबलचक पट्ट्यासारखी असते, तेव्हा पावलं मोजून घ्यावीत.

*

एक गोष्ट इलेक्ट्रिशियनसुद्धा सांगत नाहीत. दोन वेगवेगळ्या इमारतींमध्ये तांब्याची वायर ओढली की वीज कडाडण्याच्या दिवसांत धोका असतो. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं. जवळपास वीज पडली की दोन अर्थिंगमधला फरक वायरीतून धावतो आणि दोन्ही टोकांची पोर्टं जळतात. वळवाच्या आणि परतीच्या पावसात आमच्याकडे हे नेहमीचं. घर ते मागच्या खोल्या एवढ्या टप्प्यासाठी आता फायबर आणि दोन टोकांना दोन छोटे कन्व्हर्टर परवडतात. काचेतून वीज धावत नाही. केबलला आधाराची पोलादी तार असलेली मात्र घेऊ नये, नाहीतर पुन्हा तेच.

*

‘एलओएस’चा लाल दिवा लागला की आधी राऊटर बंद-चालू करण्यात अर्थ नसतो, मोडेमपर्यंत प्रकाशच येत नाहीये. बाहेर झावळी पडून वायर तुटली असेल, नाहीतर आत कुठे मुडपली असेल. मागे केबलवाला मुलगा आला, खिशातून लाल लेसरची पेनासारखी बॅटरी काढली, पिवळ्या पातळ वायरीच्या एका टोकाला लावली. कपाटामागे एका जागी लालभडक ठिपका पेटला.

‘काकी, कपाट हलवलंत?’

‘झाडायला जरासं सरकवलं. का रे?’

वायर भिंत आणि कपाट यांच्यात चेपून काटकोनात वळली होती. काचेचा तंतू तो, ठरावीक वळणापुढे प्रकाश बाहेर सांडतो. त्याने मोठा वेटोळा केला, प्रकाश मोजायचा मीटर लावला. उणे 29 चं उणे 20 झालं. इथे तीनचा फरक म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. साधारण उणे 27 च्या पलीकडे मोडेमला काही दिसेनासं होतं. नवा राऊटर आणला असता तरी तो लाल दिवा तसाच राहिला असता.

*

वीज. पूर्वी केबलवाल्यांचं नेट यायचं तेव्हा दर थोड्या अंतरावर खांबावरच्या डब्यात स्विच असे आणि त्याला वीज कुणाच्या तरी घरातून घेतलेली. त्या घरात फ्यूज उडाला की अख्ख्या आळीचं नेट बंद. फायबरमध्ये वाटेतला स्प्लिटर विजेशिवाय चालतो. म्हणजे टोकाला केबलवाल्याच्या मशीनची बॅटरी आणि इकडे आपल्या डब्यांची सोय, एवढ्यावर निभतं. इन्व्हर्टर असला तरी वीज जाता-येता क्षणभर खंड पडतो. तेवढ्यात मोडेम उठून बसतो आणि पुन्हा जुळायला दोन-तीन मिनिटं घेतो. व्हिडिओ कॉलवरचा पाहुणा तोवर अंगणात येऊन उभा. म्हणून राऊटरचा वेगळा छोटा यूपीएस. घेताना ऍडॉप्टरवरचा आकडा वाचावा: 12 व्होल्टचा की 9 चा, किती अँपियर. पिन बसली म्हणजे जमलं असं नाही. तालुक्याचीच वीज दिवसभर गेली तर केबलवाल्याची बॅटरीही संपते, तिथे आपला यूपीएस काय करणार.

*

सरकारच्या 2004 च्या धोरणात 256 केबीपीएस म्हणजे ‘ब्रॉडबँड’. 2013 मध्ये ते 512 झालं, 2023 मध्ये 2 एमबीपीएस. आमच्या मागच्या खोलीतले 3 एमबीपीएस सरकारी व्याख्येत अजूनही ब्रॉडबँडच आहेत. पाहुण्यांना हे सांगून पाहिलं. हसले नाहीत.

*

जुना राऊटर बदलण्याचं सगळ्यात पटणारं कारण वेग नाही, राखण आहे. 2017 च्या जुलैअखेर एका विघातक प्रोग्रामने भारतातले हजारो मोडेम निकामी केले. बीएसएनएलने तेव्हा ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगितलं, कारण दार उघडं होतं ते ‘ऍडमिन-ऍडमिन’ या कारखान्यातूनच आलेल्या जोडीमुळे. कंपनीने ज्या राऊटरसाठी दुरुस्त्या पाठवणं थांबवलंय तो कितीही ठणठणीत चालत असला तरी मोडीतच धरावा. घरी माणसं उतरवत असाल तर ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करून तेवढाच पासवर्ड भिंतीवर लावावा. घरचे कॅमेरे, प्रिंटर, यूपीआयचा फोन हे सगळं वेगळ्या नावावर. दर मोसमाला पाहुण्यांचा पासवर्ड बदलावा. समोरच्या दुकानातल्या पोरांना तो तोंडपाठ झालेला असतो.

*

शेवटी काय घ्यायचं ठरलं ते. वाय-फाय 6 चे दोन डबे, गिगाबिट पोर्टांचे. एक ओटीवर, एक मागच्या खोल्यांत, मध्ये फायबर. ही 4, 5, 6 अशी नावं 2018 पासूनची, त्याआधी ‘802.11 एन’ वगैरे वाचून गिऱ्हाईक घाबरायचं. 6 मध्ये एका फोनचा वेग वाढतो यापेक्षा वीस फोन एकदम आले तर प्रत्येकाला थोडं-थोडं नीट मिळतं, हे आमच्या कामाचं. 7 चे डबे दुकानदार पुढे करतो. आमच्याकडे येणाऱ्यांच्या खिशात त्या तोडीचे फोन थोडेच. सहा-आठ अँटेनांच्या कोळ्यासारख्या दिसणाऱ्या मॉडेलला नको म्हटलं. दोन्ही डब्यांना एकच नाव, एकच पासवर्ड. फोन आपण होऊन जवळचा पकडतो, कधीकधी हट्टाने लांबचा धरून बसतो, तेव्हा वायफाय एकदा बंद-चालू करायचं. एकच डबा राऊटर, दुसरा ‘ऍक्सेस पॉइंट’. दोघांनाही राऊटर ठेवलं तर प्रिंटर एकाच्या घरात आणि लॅपटॉप दुसऱ्याच्या, अशी गत होते.

जुना राऊटर थोडे दिवस चालूच ठेवणार आहे, नवा जुळेपर्यंत. नंतर भंगारात. देण्याआधी टाचणीने मागचं ‘रिसेट’ दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं. आपल्या नेटचा लॉगिन आणि घरचा पासवर्ड दोन्ही त्यातच साठवलेले असतात. ऍडॉप्टर मात्र काढून घेणार. 12 व्होल्ट, 1 अँपियर, कॅमेऱ्याला चालेल.