तांब्याचा तुकडा

विहिरीत पोटावर पडलेला माणूस पाण्याला मऊ म्हणत नाही. लहानपणी आजोळच्या विहिरीत मी तसा पडलो होतो. ओंजळीत निमूट राहणारे ते पाणी त्या दिवशी फरशीसारखे लागले. पाणी तेच, मीही तोच. बदलला होता तो फक्त वेग!

ही आठवण गेल्या ज्येष्ठात पुन्हा झाली ती भाच्याच्या प्रयोगशाळेत. मऊ पदार्थांवर वेगाने आघात झाला तर ते कसे दबतात, याचा तो अभ्यास करतो. मराठीच्या प्राध्यापकाचे तिथे काय काम? खरे सांगायचे, तर घरात बसवत नव्हते म्हणून गेलो.

झाले होते असे. बारावीचा निकाल लागला, गुण उत्तम पडले आणि कन्या म्हणाली, "बाबा, मी मराठी घेऊन बी.ए. करणार." वीस वर्षे वर्गात या भाषेचे गोडवे गाणारा मी ताडकन म्हणालो, "मराठी घेऊन खाणार काय?" ती रडली असती तर बरे झाले असते. ती दगडासारखी झाली. त्यानंतर आठ दिवस "हो", "नाही" आणि "जेवायला चला" एवढेच बोलणे.

भाच्याने यंत्र दाखवले. एका रेषेत दोन लांब, गुळगुळीत दांड्या आणि त्यांच्यामध्ये रबराची इवलीशी चकती. दाबलेल्या हवेच्या जोराने तिसरी, आखूड दांडी येऊन पहिलीवर आदळते. आघाताची लाट धावत चकतीपाशी येते. काही पलीकडे जाते, काही माघारी फिरते. दांड्यांवर चिकटवलेली मापके ते टिपून घेतात. दांडीतून आघात मोजण्याची ही युक्ती केंब्रिजच्या बर्ट्रम हॉपकिन्सनने १९१४ साली मांडली. १९४९ साली हर्बर्ट कोल्स्कीने दोन दांड्यांमध्ये नमुना ठेवून रबर आणि पॉलिथिन तपासले. सारा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत आटोपतो. पापणी लवेपर्यंत असे शंभर आघात होऊन जावेत!

"बोटानं दाबून बघा, मामा," भाचा म्हणाला. रबर मुकाट्याने दबले. "हेच रबर या यंत्रात कितीतरी ताठ होतं. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या असतात. त्यांना सरकायला वेळ लागतो. तो दिलाच नाही, तर त्या ताठ राहतात."

मी गप्प झालो.

तो सांगतच होता. धातू तपासणे त्या मानाने सोपे. मऊ वस्तू तपासणे अवघड. पोलादी दांडीतली लाट मऊ चकतीपाशी जवळजवळ सगळी माघारी फिरते, पलीकडच्या दांडीला फारच थोडे कळते. म्हणून दांड्या ॲल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिकच्या घ्यायच्या. शिवाय मऊ पदार्थात लाट हळू चालते. एक बाजू चिरडत असते तेव्हा दुसरीला पत्ताच नसतो. मग येणारी मापे खरी कशी मानायची? म्हणून चकती पातळ घ्यायची आणि पहिल्या दांडीच्या तोंडाशी तांब्याचा छोटा तुकडा लावायचा. आधी तांबे चपटे होते; मग धक्का एकदम न येता चढत चढत येतो.

"म्हणजे आघात लुटूपुटीचा होतो?" मी विचारले.

"नाही, मामा. जोर पुरेसा असतो. फक्त समोरच्याला सावरायला वेळ मिळतो."

परतताना एस.टी.त मनाशी म्हटले, माझा प्रश्न काही खोटा नव्हता. माझेच विद्यार्थी नेट-सेट होऊन तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबताना मी पाहतो. पोटाचा प्रश्न विचारायलाच हवा होता. पण मधे तांबे ठेवायचे मी विसरलो. आणि ती ताठ झाली तेव्हा तिलाच हट्टी म्हणून मोकळा झालो.

घरी आलो तेव्हा ती खिडकीशी वाचत बसली होती. मी खुर्ची ओढून जवळ बसलो. दोनचार मिनिटे काहीच बोललो नाही; स्वतःच थोडा चपटा होत होतो म्हणा ना! मग म्हणालो, "मी बी.ए.ला मराठी घेतलं, तेव्हा तुझे आजोबा महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते."

तिने मान वर केली नाही. पण पानही उलटले नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली,

"मग?"