चाचणीआधीचे प्रश्न

बुलडाणा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर ‘शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ’ अशी पाटी शोधू नका. काम होतं, पण तुकड्यांत. वर्गशिक्षकाला शंका येते, समग्र शिक्षा योजनेचा फिरता विशेष शिक्षक मूल पाहतो, प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालय. तुकडे जोडायचे ते आईने, मजुरी बुडवून.

•

घाटावर, लोणार-सिंदखेडराजाकडे. तिसरीतला मुलगा, जोडाक्षरं वाचत नाही. शेरा: ‘आकलन कमी’. चाचणी घेण्याआधी मी हजेरीपट मागते. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत खाडे, मागच्या वर्षीही तेच. आईबाप ऊसतोडीला, कोयत्यावर गेलेले. वर्गात जोडाक्षरं चालली होती तेव्हा हा फडावर धाकट्या बहिणीला सांभाळत होता. जे शिकवलंच नाही ते न येणं ही अक्षमता नव्हे. निदानाचे नियमही हेच सांगतात. इथे इलाज हंगामी वसतिगृहाचा. नाव वसतिगृह, पण पोर आजीजवळ गावातच राहतं, शाळेत जेवतं, वर्ष बुडत नाही. चाचणीची पेटी उघडायचंही कारण नाही.

•

घाटाखाली, जळगाव जामोद. सातपुड्याच्या पायथ्याला कोरकू, भिलाला, निहाल वस्त्या. निहाली बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार, आणि ही भाषा जगातल्या कुठल्याच भाषाकुळात बसत नाही. पहिलीतली मुलगी गप्प बसते म्हणून नाव माझ्या यादीत. मैदानात मैत्रिणीशी घरच्या भाषेत तोंड मिटत नव्हतं तिचं.

•

बुद्ध्यांकाच्या चाचण्या आहेत. कामतांनी बिने चाचणीला मराठी आणि कानडी रूप दिलं. मालिन यांची चाचणी १९६९ची, नागपुरातली. दोन्ही कामाच्या, पण दोन्हींत शब्द आले. मराठी नुकती कानावर पडू लागलेल्या पोरीला मराठी शब्दांचे अर्थ विचारून बुद्ध्यांक काढणं मला अप्रामाणिक वाटतं. अशा वेळी शब्द न लागणाऱ्या कृती-चाचण्या बऱ्या. तरीही आकडा जपूनच सांगावा.

•

आकडा मात्र सगळ्यांना हवा असतो. भेंडवळच्या घटमांडणीतलं वर्षाचं भाकीत ऐकावं तसा ऐकतात. एकदा सांगितला की पोराचं पुढचं सगळं ठरलं.

•

उलटंही होतं, खरी अक्षमता नजरेतून सुटते. सातवीतला मुलगा. घरी मराठी, खाडे नाहीत, नजर-कान ठीक. कापसाच्या काट्यावर तोंडी हिशेब बिनचूक, पण परिच्छेद वाचताना घाम फुटतो. बाप म्हणतो, “आळशी हाये जी, मारल्याबिगर पुस्तक हातात घेत नाही.” ही खरी अध्ययन अक्षमता असू शकते, आणि इथे थांबून राहणं गुन्हा. महाराष्ट्राने १९९६ मध्येच अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ही अक्षमता आहे. चाळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी व्हायला हवी, असं केंद्राने २०१८च्या सूचनांतच सांगितलं. आपल्याकडे धावपळ दहावीचा फॉर्म भरताना. लेखनिक मिळतो, जादा वेळ मिळतो. मार खाल्लेली सात-आठ वर्षं कोण देणार?

•

बापाशी बोलायला मी शेतावर जाते. शाळेत बोलावलं की तो हात जोडून ‘हो जी’ म्हणतो, संपलं. बांधावर वाद घालतो, तेव्हा काम पुढे सरकतं.

•

शिक्षकांना विनंती. मूल पाठवताना चिठ्ठीत ‘मंद’ लिहू नका. घरी कोणती भाषा बोलतात, कोणते महिने गावाबाहेर होतं, डोळे-कान कधी तपासले, एवढं लिहा. माझं निम्मं काम तिथेच होतं.