निळ्या हाफपँटची पोरं

हार्डडिस्क आधी टकटकली, मग गप्प झाली. डेटा काढून देणाऱ्याने सांगितलेला आकडा ऐकून तिने ती ड्रॉवरमध्ये टाकून दिली. आत लग्नाचे फोटो होते, पण त्यांच्या प्रती बहिणीकडे आहेत. आईच्या कागदपत्रांचे स्कॅन होते, ते पुन्हा करता येतील. जीव हळहळला तो 'लव्ह सिक' नावाच्या फोल्डरसाठी. थायलंडमधली 2014 सालची मालिका, चित्र धूसर, आवाज त्याहून वाईट, आणि खाली कुणा अनोळखी चाहत्यांनी हौसेने लिहिलेली मोडकीतोडकी इंग्रजी सबटायटल्स.

ही हळहळ घरात कुणाला सांगायची सोय नाही. शिवाय तिचा धंदा आवाजाचा. ठाण्यात घोडबंदर रोडला मालिकांसाठी उभारलेल्या वाड्यांमधून रोज जे संवाद येतात, त्यांतला रिक्षाचा हॉर्न, कावळा आणि जनरेटर काढून टाकणं हे तिचं काम. अशा बाईने 'लव्ह सिक' जपून ठेवावी म्हणजे जरा अतीच. त्या मालिकेत शॉट बदलला की खोलीची घरघरही बदलते. बाहेरची रहदारी संवादात घुसते, आणि ती झाकायला पार्श्वसंगीत इतकं वर चढवतात की दोन्ही ऐकू येत नाहीत. कॉलेजात असताना ती हे लोकलमध्ये मोबाइलवर बघायची. तेव्हा गाडीच्याच खडखडाटात सगळं खपून जायचं. कामाला लागल्यावर हेडफोन लावून बघितलं आणि तिचे कान तापले.

तरी डोळ्यांपुढून एक दृश्य काही हलत नाही. फुन नोहला आपल्या बहिणीसमोर, पँगसमोर, उभा करतो आणि हा माझा बॉयफ्रेंड म्हणून ओळख करून देतो. सगळं खोटं. फुनच्या वडिलांनी मित्राच्या मुलीशी त्याचं जुळवायचा घाट घातलेला. पँगला मुलग्या-मुलग्यांच्या प्रेमकथांचं वेड, तेव्हा भावाला बॉयफ्रेंड आहे म्हटल्यावर ती वडिलांशी भांडेल, असा हिशेब. नोह या नाटकाला तयार होतो, कारण त्याच्या संगीत क्लबच्या बजेटला कात्री लागली आहे आणि फुन विद्यार्थी परिषदेचा सचिव आहे. तू आमचे पैसे मिळवून दे, मी तुझा प्रियकर होतो. चणचणीत बनलेल्या मालिकेची गोष्ट बजेटच्या चणचणीतूनच सुरू व्हावी, याचं तिला अजून हसू येतं.

नोहचं काम करणारा कॅप्टन चोनलाथॉर्न तेव्हा पंधरा वर्षांचा होता. पँगपुढे तो उभा राहतो तेव्हा हातांचं काय करावं हे त्याला कळत नाही. नटालाही आणि पात्रालाही. कसलेल्या नटाने तो अवघडलेपणा आणला असता, पण तो आणलेला दिसला असता. तिच्या मते मालिकेचं सगळं बळ तिथे आहे. स्टार घ्यायला पैसे नाहीत म्हणून नवखी पोरं घेतली, आणि नवख्या पोरांना आपण काय करतोय हे पुरतं ठाऊक नसणं हीच तर गोष्टीची गरज होती.

आता मध्येच जपान येतं, त्याला इलाज नाही. मुलग्यांच्या प्रेमकथा मुलींनी मुलींसाठी काढायच्या, ही रीत तिथली. केइको ताकेमिया या चित्रकर्तीची फ्रान्सच्या एका वसतिगृहात घडणारी लांबलचक चित्रकथा 1976 साली मुलींच्या मासिकात सुरू झाली, आणि मोतो हागिओसारख्या तिच्या पिढीतल्या इतर बायकाही तेच करत होत्या. त्या चित्रकथा थायलंडमधल्या शाळकरी मुलींच्या हाती पडल्या. पुढे त्या मुली स्वतःच लिहू लागल्या. 'लव्ह सिक'सुद्धा आधी 'देक-दी' या तरुणांच्या संकेतस्थळावर 'इंद्रीटाइम्स' या टोपणनावाने एका मुलीने लिहिलेली क्रमशः कादंबरी. थाई नावात निळ्या हाफपँटचा उल्लेख आहे, कारण तिथल्या कितीतरी शाळांतल्या मुलांचा तो गणवेश.

दुसरा गणवेशही मध्ये येतो. 22 मे 2014 रोजी जनरल प्रयुत चान-ओचा यांनी बँकॉकमध्ये सत्ता ताब्यात घेतली. वाहिन्यांचे नेहमीचे कार्यक्रम बंद पडले आणि पडद्यावर लष्कराची निवेदनं आली. त्यानंतर दीडेक महिन्याने, जुलैत, चॅनेल नाइनवर 'लव्ह सिक' सुरू झाली. ही वाहिनी ज्या कंपनीची, तिच्यात सरकारचा मोठा हिस्सा. सेनापतींच्या राज्यात, सरकारी हिश्श्याच्या वाहिनीवर दोन मुलगे एकमेकांच्या प्रेमात पडतात, आणि कुणाचं काही बिघडत नाही. याचा अर्थ काय लावावा? तिच्या मते फार लावू नये. डिसेंबर 2013 मध्ये तिथे 24 डिजिटल वाहिन्यांच्या परवान्यांचा लिलाव झाला होता, आणि एवढ्या वाहिन्यांची पोटं भरायची तर स्वस्त मालिका लागणारच. त्यातल्या सात वाहिन्यांनी 2019 साली परवाने परत केले. मुलग्यांच्या मालिका मात्र टिकल्या.

टिकल्या आणि गुटगुटीत झाल्या. 2016 ला 'सोटस' आली. इंजिनीअरिंगचे सीनियर ज्युनियरांना उन्हात उभं करून दमात घेतात, आणि त्यातल्याच एका कडक सीनियरला गुलाबी दूध आवडतं. 2020 च्या मार्चमध्ये आपल्याकडची शूटिंगं बंद पडली तेव्हा ब्राइट आणि विन या नटांची 'टूगेदर' दर आठवड्याला येत होती. यूट्यूबवर एकेक भाग चार तुकड्यांत. ज्या मैत्रिणी तिला हसायच्या, त्याच आता चौथा तुकडा आला का म्हणून मेसेज करू लागल्या. त्याच वर्षी फुकेतमध्ये चित्रित झालेली 'आय टोल्ड सनसेट अबाउट यू' आली, पाचच भागांची. तिचा आवाज असा की समुद्र नेमका किती अंतरावर आहे ते कानांना कळावं. व्यावसायिक म्हणून तिला सगळ्यात जास्त हेवा वाटतो तो या मालिकेचा.

आणि तरीही ती नोहकडे परत येते. का, हे तिला नीट सांगता येत नाही, पण राग कशाचा आहे हे पक्कं सांगता येतं. युरीचा. म्हणजे युरीवरचा नव्हे, युरीसाठीचा.

युरी ही नोहची मैत्रीण. बडबडी, उत्साही, त्याच्या मागे मागे करणारी. मालिका तिला बघते ती एक अडचण म्हणून. मुलग्यांच्या वाटेतून मुलगी कधी एकदा बाजूला होते, एवढीच तिच्याबद्दलची उत्सुकता. लिहिणारी बाई, बघणाऱ्याही बहुतेक बायाच, आणि पडद्यावरच्या बाईला मात्र दोनच जागा, मध्ये येणारी किंवा टाळ्या पिटणारी. पँग टाळ्या पिटणारी. पुढची कितीतरी वर्षं या जातीच्या मालिकांत हेच चाललं, आणि 'मी काही तसा नाही, फक्त तुझ्यावरच प्रेम आहे' हेही.

इथे तिचं म्हणणं असं की दोष दोन प्रकारचे असतात आणि ते एका खात्यात मांडू नयेत. घरघर हा पैशाचा दोष. चांगला बूम माइक, तो धरणारा जाणता माणूस, नंतर संकलनाला चार दिवस, या सगळ्याला पैसे पडतात. रात्रपाळी करून उद्याचा एपिसोड वाहिनीला पाठवणाऱ्या कुणालाही ते समजतं. संवाद मध्येच थांबवून क्रीमची डबी कॅमेऱ्याकडे वळवणं, हेही पैशाचंच. त्याला हसावं आणि सोडून द्यावं. पण युरीला एक शहाणं वाक्य द्यायला किती खर्च येतो? शून्य. तेवढीच शाई, तेवढाच वेळ.

2021 च्या 'बॅड बडी'ने ते करून दाखवलं. दिग्दर्शक नोप्पार्नाच चायविमोल, म्हणजे चाहत्यांचा 'आओफ'. त्यातली इंक आधी दोन मुलग्यांच्या मध्ये येणारी वाटते. मग कळतं की तिचं मन नायकाच्या बहिणीत, पा हिच्यात आहे. पँगला जे मिळालं नव्हतं ते या बहिणीला मिळालं, स्वतःचं प्रेम. तो भाग बघताना ती दोन तुकड्यांच्या मध्ये थांबली आणि घोडबंदरच्या एका लेखकाला फोन लावून, आपल्या मालिकेतल्या नणंदेला निदान एक नोकरी तरी दे, म्हणून भांडली. नणंदेला नोकरी मिळाली नाही. ट्रॅकच बंद झाला.

थायलंडमध्ये 23 जानेवारी 2025 पासून दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना कायदेशीर लग्न करता येतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी तशी मान्यता द्यायला नकार दिला. मालिकांमुळे तिकडे कायदा झाला असं कुणी म्हटलं की ती चिडते. रस्त्यावर वर्षानुवर्षं झगडणाऱ्यांचं श्रेय क्रीम विकणाऱ्यांना का द्यायचं?

2024 मध्ये 'लव्ह सिक' नव्या नटांसह पुन्हा बनवली गेली. आवाज स्वच्छ आहे. पण ज्यांना बघायची असेल त्यांनी आधी जुनी शोधावी, हेडफोन न लावता. पहिल्या सीझनचे 12 भाग सगळे बघावेत. दुसऱ्या सीझनचे 36 आहेत, त्यांतले निम्मे गाळले तरी काही बिघडत नाही.