डाव्या कडेचं बटण

२००८ साली पुण्यात आमच्या सोसायटीतल्या एका मुलीचा लॅपटॉप माझ्याकडे आला. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, मशीनवर उबंटू लिनक्स ८.०४, वायफाय ठप्प. "काका, होईल ना?" "तासाभरात," मी म्हणालो. सर्व्हर सांभाळण्यात दहा वर्षं घालवलेल्या माणसापुढे वायफाय किस झाड की पत्ती!

सुरुवात बरी झाली. आत ब्रॉडकॉमची ४३११ चिप होती. कर्नल २.६.२४ मध्ये तिचा बी४३ ड्रायव्हर नव्यानेच आला होता, पण चिपला लागणारं फर्मवेअर परवान्यामुळे सोबत मिळत नसे. लॅनची केबल लावून तेही उतरवलं. ड्रायव्हर लोड झाला, पण यादीत एकही नेटवर्क दिसेना.

कर्नलच्या लॉगमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: रेडिओ बटणाने बंद आहे, बटण दाबा. मी ती ओळ वाचली आणि पुढे गेलो. ड्रायव्हर नवा आहे, काहीही बरळतोय, असं ठरवून टाकलं. मग एनडीआयएसरॅपर घालून विंडोजचा ड्रायव्हर बसवला. बी४३ला ब्लॅकलिस्ट करायचं राहिलं, त्यामुळे एका कार्डावर दोन ड्रायव्हर भांडत बसले. तिसऱ्या रात्री दोन वाजता वैतागून उबंटू नव्याने टाकलं. तिच्या फाइलींचं होम फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर असेल असं धरून चाललो होतो. नव्हतं. तिचा प्रोजेक्ट रिपोर्ट गेला. ऑफिसात बॅकअप न घेता डिस्कला हात लावणाऱ्या पोरांना मी फाडून खात असे.

फर्मवेअर पुन्हा घातलं, तरी तेच. लॅपटॉप बाजूला सरकवताना अंगठा डाव्या कडेवरच्या नखाएवढ्या बटणावर घसरला. निळा दिवा लागला. शेजाऱ्यांची नेटवर्कं भराभर उमटली.

सकाळी तिला म्हणालो, "लिनक्सवर वायफायचं अवघडच असतं गं. डिस्क पुसावी लागली." पहिलं वाक्य त्या काळी बरंचसं खरं होतं, म्हणून दुसरं खपलं. तिने रिपोर्ट पुन्हा टाइप केला, वर मला पेढेही आणून दिले.

बऱ्याच वर्षांनी भेटली तेव्हा म्हणाली, "ऑफिसात लिनक्सच वापरते, काका. पण घरच्या लॅपटॉपवर नाही टाकत. वायफायचा ताप असतो ना." तेव्हा मात्र सांगून टाकलं.

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "ते बटण मीच बंद केलं होतं, काका. बॅटरी वाचवायला."