डहाणूच्या हवेतली कॉन्टेसा

इंजिनानं गाडी मरत नाही, पत्र्यानं मरते. निदान आमच्या डहाणूत तरी. इंजिन उघडता येतं, बोअर करता येतं, अगदीच गेलं तर दुसरं आणून बसवता येतं. दाराखालचा पत्रा एकदा आतून खाऊन गेला की बोटाच्या दाबानं पापडासारखा मोडतो, आणि तोवर वरचा रंग अगदी चकचकीत असतो. समुद्राचं खारं वारं इथे बारा महिने असतं. त्यात पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली. घोलवड-बोर्डीकडच्या वाड्यांत चिकूला ही हवा मानवते, लोखंडाला नाही.

माझी कॉन्टेसा ही माझी पहिली गाडी, आणि आजही ती माझ्याकडेच आहे. नव्वदीच्या शेवटाला एका वाडीवाल्यानं ती विकायला काढली. गॅरेज टाकून मला फार दिवस झाले नव्हते. लोकांना तेव्हा छोट्या गाड्या हव्या होत्या. पेट्रोल पिणारी, गल्लीत न वळणारी ही लांबलचक गाडी कुणी घेईना, म्हणून ती माझ्या ऐपतीत आली. डिकीत चिकूच्या करंड्या वाहून वाहून खालचा पत्रा दबलेला होता. तो मी अजून ठोकून सरळ केलेला नाही. वर सपाट केला तर खालचं अंडरकोटिंग तडकेल, आणि तिथूनच गंज शिरेल.

हिंदुस्थान मोटर्सनं १९८४ मध्ये उत्तरपाड्याच्या कारखान्यातून कॉन्टेसा बाजारात आणली. ढाचा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलचा, तिकडे तोवर बंद पडलेल्या व्हीएक्स मालिकेचा. पहिल्या गाड्यांत इंजिन मात्र अ‍ॅम्बॅसिडरचंच, १४८९ सीसीचं, जेमतेम ५० अश्वशक्तीचं. एवढ्या धुडाला ते पुरायचं नाही. पुढे इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आलं, ८८ अश्वशक्ती आणि पाच गिअर. तीच ही क्लासिक. आता तरुण पोरं हिला भारताची मसल कार म्हणतात, तेव्हा मला हसू येतं. अमेरिकेत १९६४ च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओला ३२५ अश्वशक्ती होती. तिच्यापुढे आमची ही किडकिडीतच म्हणायची. पण आपल्या रस्त्यावर तेव्हा होतं काय? चाळिशीच्या आतबाहेरची पद्मिनी आणि मारुती ८००. चारोटी नाक्यावरून तलासरीच्या बाजूला निघालं, तिसऱ्यातून चौथा टाकला, की पुढचे ट्रक जवळ येताना दिसायचे. ढकल मागच्या चाकांची, समोर ते लांब नाक. त्या रस्त्याचा नंबर तेव्हा ८ होता, आता ४८ आहे. ओव्हरटेक करायची खुमखुमी आता माझी गेली, गाडीची नाही.

तर पत्रा. मे महिन्यात, पावसाआधी, माझं काम ठरलेलं असतं. दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरायला बारीक भोकं असतात. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतंच, ते या भोकांतून बाहेर पडायला हवं. वाळू, चिखल आणि कुणीतरी कधीतरी फासलेलं अंडरकोटिंग यांनी ती बुजतात, आणि पाणी दारात साचून राहतं. सायकलचा जुना स्पोक टोकाला किंचित वाकवून मी ती मोकळी करतो. भोक सुटलं की आधी लाल भुकटी गळते, मग काळपट पाणी. पाणी गळलं तर मला बरं वाटतं. नुसती भुकटी गळली तर मात्र दाराचं आतलं पॅनेल काढून बॅटरी मारून बघावं लागतं. दारांचं झालं की स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं कडेकडेनं ठोकत जायचं. चांगला पत्रा टणक वाजतो, खाल्लेला बसका. जिथे आवाज बसतो तिथे जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवायचं. चिकटलं नाही तर खाली पत्रा नाही, लांबी (पुट्टी) आहे.

लांबी वाईट नाही. खाचखळगे भरायला ती लागतेच. पण गंजावर लांबी थापून वर रंग मारून गाडी चकाचक करून देणारे माझ्या धंद्यात कमी नाहीत, आणि त्यांच्याबद्दल माझं मत फार वाईट आहे. गंजलेला भाग चांगला पांढराशुभ्र पत्रा लागेपर्यंत कापावाच लागतो. मग त्याच जाडीचा तुकडा बसवायचा. एका दमात वेल्डिंग ओढलं तर पातळ पत्रा तापून लाटेसारखा वर येतो, म्हणून एक टाका इथे, दुसरा पार तिकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं. घाई असलेल्या माणसानं हे काम घेऊ नये. शेवटी आतल्या पोकळीत मेणाचा फवारा. आमच्याकडे बरेच जण तिथे जळकं ऑइल मारतात, फुकट मिळतं म्हणून. जळक्या ऑइलमध्ये आम्लं असतात, शिवाय रबराला लागलं की रबर फुगतं. मी मारत नाही.

आणि ताडपत्री. गाडीवर प्रेम असलेला माणूस तिच्यावर पहिल्यांदा ताडपत्री टाकतो, आणि खाली जमिनीची ओल कोंडून ठेवतो. आमच्या हवेत झाकून ठेवलेली गाडी चालत्या गाडीआधी जाते. माझी आठवड्यातून एकदा तरी बाहेर पडतेच, इंजिन पुरतं तापेपर्यंत, म्हणजे सायलेन्सरमध्ये जमलेलं पाणीसुद्धा उडून जातं. किनाऱ्याला नेली तर घरी आल्यावर आधी पोटाखालून गोड्या पाण्यानं धुवायची, मग वरून. वरून नाही धुतली तरी चालेल.

सुट्या भागांचं सांगायचं तर इंजिनाची काळजी त्या मानानं कमी. १९९२ पासून अ‍ॅम्बॅसिडरलाही हेच इसुझूचं इंजिन बसवलं जायचं, त्यामुळे पिस्टन, रिंगा, गॅसकेट कुठे ना कुठे निघतात. अडतं ते शरीराच्या भागांशी. काचेची रबरं, मागचे दिवे, दारांचं बिडिंग. कॉन्टेसा २००२ ला बंद झाली, त्यानंतर हे कुणी बनवलं नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारवाल्यांकडे चकरा मारायच्या, एवढाच मार्ग.

बंपरचं क्रोम गेलं की वापी गाठावी लागते. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेनं पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. प्लेटिंगसारखे घाण सोडणारे उद्योग इथे उभे राहू शकत नाहीत. मला त्याची तक्रार नाही. वाड्या त्यामुळेच टिकल्या. बंपर गाडीत टाकून तलासरीवरून आच्छाड ओलांडायचं, गुजरातेत शिरायचं, संध्याकाळी परत. पण सगळंच बाहेरून आणावं लागतं असंही नाही. चिंचणीला दागिन्यांचे डाय करणारे कारागीर आहेत. सोन्याचांदीच्या पत्र्यावर नक्षी उमटवायची, तिचा साचा ते पोलादात कोरतात. बोनेटवरच्या नावाचं एक अक्षर तुटलं होतं, ते त्यांच्यातल्या एकानं शेजारचं अक्षर बघून पितळेत कोरून दिलं. भिंगाखाली, कानशीच्या अशा बारीक हातानं, की कारखान्यातली अक्षरं त्याच्या शेजारी ओबडधोबड दिसतात.

नवं दुखणं पेट्रोलचं आहे. त्यात आता २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि ओल आमच्याकडे हवी तेवढी. जुन्या रबराचे पाइप आणि पंपाचा पडदा त्यानं फुगतात, मऊ पडतात, मग कार्ब्युरेटरमध्ये काळे कण येतात. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण पातळ होतं आणि गाडी अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर अडखळते. मी सगळे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे टाकले, जेट एक नंबर मोठा बसवला. पावसाळ्यात टाकी गच्च भरलेली ठेवतो, म्हणजे वर हवेला जागा राहत नाही.

नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. फेब्रुवारी २०१९ मध्ये एक चारच्या पुढचा होता. गावंच्या गावं रात्री अंगणात, तंबूत झोपत होती. अशा दिवसांत लोखंडी घोड्यांवर चढवलेल्या गाडीखाली पाठ टेकून झोपायचं म्हणजे काय, ते त्या धंद्यातल्यालाच कळेल. तेव्हापासून आमच्या गॅरेजात एक नियम झाला. काढलेली चाकं कोपऱ्यात ठेवायची नाहीत, आडवी करून गाडीच्या पोटाखाली सरकवायची. घोडी सरकली तर गाडी चाकांवर टेकेल, माणसावर नाही. हे आधीपासूनच करायला हवं, पण हादरा बसल्याशिवाय कोण करतं.

कागदपत्रांचा जाच वेगळा. १५ वर्षं झाली की दर पाच वर्षांनी फिटनेस, पर्यावरण कर, आणि नूतनीकरणाची फी, जी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली. व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर ५० वर्षं भरावी लागतात. सगळ्यात पहिली कॉन्टेसासुद्धा त्यात २०३४ ला बसेल, माझी आणखी पुढे. तोवर ती सरकारदरबारी नुसती जुनी गाडी. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, हिच्या पाटीवर अजून ठाण्याचा एमएच-०४ आहे. बदलायचं काही कारण मला दिसलेलं नाही.

भाचा गॅरेजात हाताखाली असतो. त्याला हिच्यात इलेक्ट्रिक मोटर बसवायची आहे.

"मामा, पेट्रोलची कटकटच जाईल तुझी."

"आणि बॅटऱ्या कुठे ठेवशील?"

"डिकीत."

"डिकीचा पत्रा तेवढा भार घेईल?"

तो वाकून खाली बघून आला आणि काही बोलला नाही. मूळचंच सगळं हवं असा माझा हट्ट नाही. रेडिएटरला मीही विजेचा पंखा लावलाय, अल्टरनेटर दुसऱ्या गाडीचा आहे. ते उद्या काढून टाकता येईल. पत्रा कापून केलेला बदल काढता येत नाही, म्हणून त्याला नाही म्हणतो. यंदा मागच्या काचेचं रबर तडकलंय. कुर्ल्याच्या एकानं शोधून ठेवतो म्हणून सांगितलंय. पाऊस लागायच्या आत नाही मिळालं तर जुनंच सीलंट भरून बसवणार, आणि भाच्याला सांगून ठेवलंय, आतून काचेखाली रोज हात फिरवून ओल बघायची.