आधी जोडलेली पेटी

परभणी जिल्ह्यात हळद, वरात, गणेशोत्सव आणि हरिनाम सप्ताह यांना आवाज पुरवणाऱ्या माणसाचे वय त्याच्या सामानावरून ओळखता येते. उमेदवारीच्या काळात त्याच्याजवळ कर्णा, म्हणजे पत्र्याचा भोंगा, एक अँप्लिफायर, एक माईक आणि वायरचे भेंडोळे एवढाच संसार असतो, आणि त्याची जोडणी बोटांना पाठ असते. पुढे धंदा वाढतो, खालचा जाड आवाज देणारे बेस आणि वरचा बारीक आवाज देणारे टॉप येतात, त्या दोहोंत आवाजाची वाटणी करणारा क्रॉसओव्हर येतो, आणि गंगाखेडहून पालमला किंवा जिंतूरहून सेलूला पोहोचल्यावर, मांडव भरत असताना, अंधुक उजेडात डझनावारी टोके जुळवावी लागतात.

या घाईवर शोधलेला उपाय म्हणजे रॅक, अर्थात ज्या पेटीत सर्व यंत्रे कायमची बसवून त्यांच्या तारा घरीच जोडून ठेवलेल्या असतात अशी पेटी. टेलिफोनच्या यंत्रणेत रूढ झालेले तिचे माप आजही चालते: दर्शनी पट्टीची रुंदी 19 इंच आणि उंचीचे एकक 1.75 इंच, ज्याला ‘यू’ म्हणतात. त्यामुळे 12 यूच्या पेटीत यंत्रांसाठी सुमारे 53 सेंटिमीटर उंची मिळते. जड अँप्लिफायर तळाशी बसवतात, कारण वजन वर गेले की काळ्या मातीच्या खडबडीत वाटेवर पेटी कलंडते; आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जाणाऱ्या या प्रदेशात पंख्यांना हवा मिळावी म्हणून पुढची-मागची झाकणे काम चालू असताना काढून ठेवतात.

खरी कसोटी मात्र पेटीच्या पाठीमागे लागते. विजेच्या तारा एका कडेने आणि आवाजाच्या दुसऱ्या कडेने नेल्या जातात, आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे काटकोन राखला जातो, म्हणजे विजेची घरघर आवाजात कमीत कमी शिरते. तीन पिनांच्या केबलमध्ये एकच संकेत दोन तारांतून उलटसुलट रूपात जातो. बाहेरची घरघर दोन्हींवर सारखीच चढते आणि पुढच्या यंत्रात एकीतून दुसरी वजा होताना विरून जाते. यंत्रांची अर्थिंग वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला भिडली, तर मात्र 50 हर्ट्‌झची घुमघुम ऐकू येते, म्हणून सर्वांना वीज आणि अर्थिंग एकाच ठिकाणाहून दिली जाते. घुमघुम घालवण्यासाठी अर्थिंगची पिनच काढून टाकणे जिवावर बेतू शकते. सुरू करताना आधी निरनिराळे आवाज एकत्र करणारा मिक्सर आणि शेवटी अँप्लिफायर, बंद करताना नेमके उलट, हा क्रमही पेटीवर लिहून ठेवलेला असतो, कारण तो चुकला की बसणारा ‘धप्प’ असा दणका स्पीकरचा पडदा फाडू शकतो.

अशा पेटीत तारांबरोबर निवांतपणी घेतलेले निर्णयही बंद केलेले असतात. त्यांतला सर्वांत मोलाचा निर्णय लिमिटरचा, म्हणजे ठरलेल्या पातळीपुढे आवाज जाऊ न देणाऱ्या यंत्राचा होय. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आणि रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई केली. वरात रंगात आली की ‘अजून वाढव’ या आग्रहापुढे माणूस नमतो. घरी, शांत डोक्याने घातलेली मर्यादा त्या वेळी सहजासहजी नमत नाही, आणि शेजारच्या घरातले आजारी म्हातारे किंवा तान्हे मूल यांची कदर गर्दीत सुचण्याआधीच पेटीत झालेली असते.

कर्ण्याची जोडणी बोटांना पाठ होती, म्हणून ती त्या बोटांबरोबरच थकत असे. रॅकमध्ये मात्र प्रत्येक टोकाला चिठ्ठी असते, आणि उतारवयात ज्याला ओझे उचलवत नाही, त्याची शिस्त मागचे झाकण उघडणाऱ्या नव्या पोराला वाचता येते.